बोटावरचे अठ्ठ्याण्णव

नांदुरा,
६ फेब्रुवारी २०२४

योगिनीताईस गोकुळचा नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितो आहे, त्याचं कारण आधी सांगतो. माझ्या फोनवर तुझं नाव दिसलं की माय तो हातातून घेते. "माह्या भाचीचा हाय" म्हणते, आणि तू काही लिहिलेलं असलं तर राखी वहिनीकडून मोठ्यानं वाचून घेते. हे मोठ्यानं वाचण्यासारखं नाही. म्हणून उत्तर घरी पाठवू नकोस, छापखान्याच्या पत्त्यावर पाठव. पत्ता मागे स्वच्छ लिहिला आहे.

मायला तीन महिन्यांपासून रक्त जात होतं. तिनं कोणाला सांगितलं नाही. डिसेंबरात खव्याच्या भट्टीसमोर चक्कर येऊन पडली तेव्हा वहिनीला कळलं. अकोल्याला तपासण्या झाल्या. रिपोर्टातले शब्द मी अक्षर अन् अक्षर उतरवून सोबतच्या कागदावर पाठवतो आहे, दोनदा ताडून पाहिले आहेत. गर्भाशयाच्या मुखाचा आजार, दुसरी पायरी, ब. आजाराचं नाव मी घरात उच्चारलेलं नाही. बाबा आणि दादाला माहीत आहे. मायला सांगितलं आहे की पोटात सूज आहे, पंचवीस वेळा बाहेरून शेक द्यायचा आणि नंतर काही वेळा आतून. इकडे सगळे त्याला शेकच म्हणतात. ती म्हणाली, "सूज हाय त हाय. शेकून जाईन."

हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक आठ आहे.

मामांकडून कळलं की तू पुण्यात नेमका हाच अभ्यास करतेस, गाठीतला ऑक्सिजन आणि शेकाचा परिणाम. मी बारावी नापास आहे, लग्नपत्रिकांचं शुद्धलेखन तपासतो, तरी समजावून सांगितलं तर मला समजतं. दोनच गोष्टी विचारतो. आम्ही काय केलं म्हणजे शेक जास्त लागू पडेल? आणि ती बरी होईल का? दुसऱ्याचं उत्तर जमल्यास आकड्यात दे. "काळजी करू नकोस" असं लिहू नकोस, त्यानं मला जास्त काळजी वाटते.

इकडे थंडी आहे. माय पहाटेची कामं सोडत नाही, म्हणून मी भट्टीच्या खोपीला वाऱ्याच्या बाजूनं ताडपत्री बांधली. तिला वारा लागायला नको.

तुझा आतेभाऊ
गोकुळ

पुणे,
१४ फेब्रुवारी २०२४

प्रिय गोकुळ,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आत्याला मी शेवटचं पाहिलं ते अमडापूरला, बाबांच्या साठीला. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत ती बसली नव्हती.

तुला समजेल असं लिहिते. किरण गाठीच्या पेशींना आतून तोडतात. पेशीजवळ ऑक्सिजन असेल तर ती तूट कायमची होते. नसेल तर पेशी स्वतःला पुन्हा सांधून घेते. ऑक्सिजन अजिबात नसलेली पेशी मारायला जवळजवळ तिप्पट मात्रा लागते, आणि तेवढी माणसाला देता येत नाही. आता शेतातलं ठिबक आठव. नळीजवळच्या झाडाला पाणी पोचतं, लांबचं कोरडं राहतं. गाठीत रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात, आणि त्यांच्यापासून केसाच्या जाडीच्या दीडपट लांब गेलं की पेशी कोरड्या. म्हणून शेक रोज थोडा थोडा देतात. बाहेरच्या पेशी मेल्या की आतल्यांपर्यंत ऑक्सिजन पोचायला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी येते. म्हणून एकही दिवस चुकवायचा नाही. ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन, म्हणून ते दहाच्या वर, शक्यतो बाराच्या जवळ ठेवायचं.

मी जे करते ते एवढंच: हे सगळं गणितात मांडायचं आणि शंभर बायकांपैकी किती जणींची गाठ जाईल ते काढायचं. त्यासाठी मी एक फॉर्म बनवला आहे, सोबत आहे. दर आठवड्याला भरून पाठवशील? तुझ्याइतकं नीटनेटकं भरणारं मला कोणी मिळणार नाही.

तू आकडा मागितलास. हिमोग्लोबिन अकरापर्यंत आणलं असं धरून: बहात्तर. पण हा शंभर जणींचा आकडा आहे, आत्याचा नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाच.

योगिनी

नांदुरा,
२८ फेब्रुवारी २०२४

योगिनीताई,

ते वाक्य पुन्हा वाचलं. तरी सांगतो, बारावीत मला कोणत्याच विषयात बहात्तर मिळाले नव्हते, म्हणून मला तो आकडा चांगला वाटला.

वीस तारखेला सुरू झालं. आज सात झाले, एकही चुकवला नाही. फॉर्म सोबत आहे. जिथे खात्री नव्हती तिथे पेन्सिलीनं लिहिलं आहे. "तंबाखू" समोर मी खरं लिहिलं आहे, माय दिवसातून दोनदा तपकीर ओढते. "धूम्रपान" समोर नाही. तिनं जन्मात विडी हातात घेतली नाही.

छापखान्याच्या खणात कोरोनाच्या वेळचं बोटाला लावायचं यंत्र सापडलं, ऑक्सिजन दाखवणारं. नवे सेल घालून मी ते रोज सकाळी मायच्या बोटाला लावतो. अठ्ठ्याण्णव. काल नव्याण्णव होतं. माय म्हणते, "काऊन चिमटा लावून राह्यला बे रोज? मी काय पळून चालली?" मी सगळे आकडे वेगळ्या पानावर तारखेनिशी लिहिले आहेत. शंभरापैकी अठ्ठ्याण्णव म्हणजे ऑक्सिजनची बाजू आपली भक्कम आहे ना?

आमची वेळ दुपारी एकची आहे. साडेदहाच्या गाडीनं निघतो, परत येईपर्यंत पाच वाजतात. ऊन वाढलं आहे. माय परतीच्या गाडीत ओकते आणि घरी आल्यावर जेवत नाही. जेवली नाही तर रक्त कसं वाढणार? मशीनवर प्रसेनजित म्हणून एक जण आहे, मनमिळाऊ. मायला बघितलं की म्हणतो, "काकू, तुम्ही आल्या की मले भूक लागते. खवा आनला का?" माय म्हणते, "आनीन. पयले तुही मशीन सुदी चालव." त्याच्याकडे सकाळची साडेनऊची वेळ रिकामी होणार आहे. त्याला विनंती करून ती मागून घ्यावी का? मग दुपारी एकपर्यंत घरी येऊन ती जेवेल, आडवी होईल.

सोबत मायच्या हातचा खवा पाठवतो आहे. आपल्याकडच्या एका भाऊंची लेक पुण्याला जाते आहे, तिच्याजवळ.

गोकुळ

पुणे,
४ मार्च २०२४

प्रिय गोकुळ,

खवा पोचला. आमच्या प्रयोगशाळेत पाच मिनिटांत संपला. त्याला जो किंचित धुरकट वास असतो, तो इथल्या कुठल्याच खव्याला नसतो. मला एकदम अमडापूर आठवलं.

साडेनऊची वेळ नक्की माग. उन्हात हाल होत असतील तर ती जेवणार नाही, आणि जेवली नाही तर तू म्हणतोस ते खरं आहे. बोटाचे आकडे उत्तम आहेत, फुप्फुसांची चिंता नाही. आता लक्ष फक्त हिमोग्लोबिनवर.

तुझा फॉर्म मी आमच्या गटाला दाखवला, नाव झाकून. आमचे सर म्हणाले, फॉर्म असा भरला तर माझे निम्मे प्रश्न सुटतील.

योगिनी

नांदुरा,
१३ मार्च २०२४

योगिनीताई,

सरांचं वाक्य वाचून मला बरं वाटलं. असं मला कधी कोणी म्हटलं नव्हतं.

साडेनऊची वेळ सोमवारपासून मिळाली. सहज मिळाली नाही. मी प्रसेनजितकडे चार दिवस रोज उभा राहिलो, शेवटी तो म्हणाला, "तू त पिंपळाच्या भुतासारखा मांगं लागला बे," आणि दिली. आता पाचला भट्टी पेटते, सकाळचं दूध सातला आटोपतं, माय हातपाय धुते आणि आम्ही पावणेआठची गाडी धरतो. वेळ वाया जात नाही. दुपारी एकला घरी. सोमवारी ती जेवली आणि चक्क तास दोन तास झोपली. तिला दिवसा झोपलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मी दारात उभा राहून पाहत होतो.

फॉर्ममध्ये जागा नव्हती म्हणून इथे लिहितो. गाडीत चढल्यावर तिचं डोकं दुखतं, शेगाव येईपर्यंत. मग उतरतं. ती म्हणते महाराजांनी काढून घेतलं.

आता वाईट बातमी. सोळा शेक झाले आणि हिमोग्लोबिन आठ पूर्णांक नऊ आलं. काल एक बाटली रक्त चढवलं. गेल्या दोन रात्री मला झोप नाही. बहात्तरचे आता किती झाले? खरं सांग.

बोटावर मात्र रोज अठ्ठ्याण्णवच आहे.

गोकुळ

पुणे,
१८ मार्च २०२४

प्रिय गोकुळ,

बहात्तरच आहेत. रक्त चढवलं ना, मग भरून निघतं. राहिलेले शेक चुकवू नका.

योगिनी

नांदुरा,
२२ जुलै २०२४

योगिनीताई,

एप्रिलमध्ये शेक संपल्यानंतर मी तुला लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं एकच होतं आणि ते कळायला तीन महिने थांबायचं होतं. ते आता कळलं. गाठ आहे. अर्ध्याहून जास्त आहे, आणि वर एक नवीन दिसते आहे. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि मला बसवून सांगितलं. शस्त्रक्रियेसारखं राहिलेलं नाही, दुखणं कमी करता येईल म्हणाल्या.

मी घरी आल्यावर सगळे कागद पुन्हा काढले. बाहेरचे पंचवीस, आतले तीन, एकही चुकला नाही. गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा माझ्याकडे आहेत. पालक, गूळ, खजूर, लोखंडाच्या कढईतली भाजी, सगळं केलं. बोटाचे एकूण एकतीस आकडे आहेत, त्यातला एकही सत्त्याण्णवच्या खाली नाही.

ताई, ज्या अठ्ठावीस जणींची गाठ जात नाही, त्या कशामुळे त्यात जातात? नशीब असं लिहू नकोस. कुठे काय राहून गेलं ते मला पाहिजे.

गोकुळ

नांदुरा,
९ सप्टेंबर २०२४

योगिनीताई,

तू पोळ्यानंतर आलीस, सगळ्यांना बरं वाटलं. मायनं तुझ्यासाठी भाकरीचं पीठ स्वतः सांगून दळून घेतलं. पण तू चार दिवस म्हणून आलीस आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या गाडीनं गेलीस, जेवलीसुद्धा नाहीस. स्टेशनवर मी विचारलं तर म्हणालीस, "काही नाही, डोकं दुखतंय."

माय सारखी विचारते, "माहं काही चुकलं का तिच्याशी?" मी तिला काय सांगू ते कळव. घरात काही लागण्यासारखं बोललं गेलं असेल तर मी माफी मागतो.

आता भट्टीवर राखी वहिनी बसते. तिला चौथा महिना आहे. तिचा खवा सारखा बुडाला लागतो, माय खाटेवरून सांगत राहते, "जाळ कमी कर, उलथनं थांबवू नको."

गोकुळ

पुणे,
१५ सप्टेंबर २०२४

गोकुळ,

घरात कोणी काही बोललं नाही. आत्याला सांग की तिचं काहीही चुकलं नाही. हे नक्की सांग.

त्या दिवशी पहाटे आत्या म्हणाली, "जाय, राखीजोळ बस, खवा कसा होते ते पाह्य." मी खोपीत गेले. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ मंद करून त्यावर भुसा टाकलेला होता. तिन्ही बाजूंनी टिन, चौथ्या बाजूला तुझी ताडपत्री. पाऊण तासात माझं डोकं ठणकायला लागलं. मळमळलं. राखीला विचारलं, तर ती म्हणाली, "ताई, हे त रोजचंच हाय. बाहेर गेलं की उतरते." फळीवर तुझं बोटाचं यंत्र ठेवलेलं होतं. मी ते माझ्या बोटाला लावलं. डोकं फुटत होतं आणि यंत्रावर अठ्ठ्याण्णव होतं.

गोकुळ, आता नीट वाच. कोंडलेल्या जागेत मंद जळणाऱ्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नसतो. हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून घट्ट धरून ठेवतं. रक्त तेवढंच असतं, रिपोर्टात आकडाही तोच येतो, पण त्यातला एक हिस्सा ऑक्सिजन वाहायच्या कामाचा राहत नाही. आणि ते बोटाचं यंत्र फक्त रक्ताचा लालपणा बघतं. त्या वायूनं भरलेलं रक्तही तितकंच लाल असतं. यंत्राला फरक कळत नाही.

हे मला माहीत होतं. विडी ओढणाऱ्यांना शेक कमी लागू पडतो त्याचं एक कारण हेच, ते मी माझ्या गणितात घातलं आहे. म्हणून फॉर्मवर "धूम्रपान" विचारलं होतं, आणि तू खरं उत्तर दिलंस. मी चुकीचं विचारलं. तू पत्रात पहाटेची भट्टी लिहिलीस, शेगावपर्यंत दुखणारं डोकं लिहिलंस, आणि मी तुझा खवा खाऊन त्याच्या धुराच्या वासाचं कौतुक लिहून पाठवलं.

दुसरी गोष्ट. मार्चमध्ये तू खरं सांग म्हणालास आणि मी खोटं लिहिलं. बहात्तर नव्हते राहिले. एकसष्ट झाले होते.

मला हे तुझ्यापासून लपवता आलं असतं. गाडीत बसून तेच ठरवलं होतं. झालेलं बदलत नाही, मग तुला कशाला. पण तुझं पत्र आलं, त्यात राखीला दिवस गेल्याचं लिहिलं आहेस. बाळाचं रक्त आईपेक्षाही जास्त तो वायू धरून ठेवतं. तिला तिथे बसू देऊ नकोस. एक दिवसही.

योगिनी

नांदुरा,
६ ऑक्टोबर २०२४

योगिनीताई,

पत्र मिळालं त्याच दिवशी ताडपत्री काढली. दुसऱ्या दिवशी दोन बाजूंचे टिन काढले. बाबा ओरडले, "तीस वर्षं तिनं तो धूर खाल्ला, तवा काही झालं नाही. आता पुण्याची पोरगी चिठ्ठी धाडते अन् तू घर मोडते?" मी त्यांना पत्र वाचून दाखवलं नाही. फक्त राखी वहिनीचा भाग सांगितला. दादानं ऐकलं. आता दूध तोच आटवतो, उघड्यावर. खवा बुडाला लागतो. माय खाटेवरून हसते, "नवऱ्याच्या हातचं खाय आता, राखे."

मला तुझा राग आलेला नाही. फॉर्म भरणारा मी होतो.

तुझं पत्र मी शब्द न शब्द तपासलं. त्यात एक गोष्ट तू लिहिली नाहीस, मुद्दाम लिहिली नसशील. हा वायू रक्तातून उतरायला किती वेळ लागतो? डोकं शेगावपर्यंत उतरायचं, म्हणजे तो उतरतो. माय सातला भट्टीवरून उठायची. एकची वेळ होती तेव्हा मध्ये सहा तास जायचे. साडेनऊची झाली तेव्हा अडीच. ती वेळ मी मागून घेतली. बारा शेक त्या वेळेला झाले.

तो आकडा मला पाठव. या वेळी खरा.

गोकुळ

पुणे,
१२ ऑक्टोबर २०२४

गोकुळ,

मोकळ्या हवेत तो निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात. तुझा हिशेब बरोबर आहे.

फक्त रक्त कमी होतं असं धरलं तर एकसष्ट. धूर धरला तर चोपन्न. धूर धरून वेळ शेवटपर्यंत एकचीच ठेवली तर सत्तावन्न.

म्हणजे तुझ्या साडेनऊचा फरक शंभरात तीन. आत्या त्या तिघींतली आहे की नाही, हे माझं गणित सांगू शकत नाही. कोणाचंच सांगू शकत नाही. ती बहात्तर असतानाही अठ्ठाविसांत असू शकली असती. एकच्या वेळेला ती जेवत नव्हती आणि ओकत होती, ते या गणितात कुठेच नाही, कारण तेही मी विचारलं नव्हतं. आणि वेळ माग असं मी लिहिलं होतं, ते पत्र तुझ्याकडे आहे.

फॉर्म मी मागे घेतला आहे. नवीन बनवते आहे. कच्चा मसुदा पाठवू का? प्रश्न कसे विचारायचे ते मला आता एकटीला ठरवायचं नाही.

योगिनी

नांदुरा,
२१ जानेवारी २०२५

योगिनीताई,

माय गेली तेव्हा तू तीन दिवस इथे होतीस, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. तेरवीच्या पत्रिकेचं शुद्धलेखन मीच तपासलं. मालक म्हणाले दुसऱ्याला देतो, मी नको म्हणालो.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली, कारण घरात माणसं होती. दिवाळीनंतर एका दुपारी माय शुद्धीत होती आणि दुखणं कमी होतं. मी तिला सांगितलं, "माय, ती सकाळची वेळ मी मागतली होती. ते चुकलं." का चुकलं ते सांगणार होतो. तिनं सांगू दिलं नाही. म्हणाली, "चुकलं कायचं बे? त्या बारा दुपारी मी निजली. लग्न होऊन आली तवापासून दुपारी निजली नव्हती." बारा. तिनंही मोजले होते. मी पुढचं काही बोललो नाही. हे बरोबर केलं की नाही ते मला माहीत नाही. तू काय केलं असतंस तेही विचारत नाही.

मसुदा वाचला. छपाईच्या चुका तीन आहेत, लाल शाईनं दाखवल्या आहेत. पण आठवा प्रश्न बदलावा लागेल. तू लिहिलं आहेस, "घरात चूल आहे का?" या प्रश्नाला आमच्या गल्लीतली प्रत्येक बाई नाही म्हणेल, कारण घरात गॅस आहे. मायही नाही म्हणाली असती. भट्टी घरात नव्हती. आंघोळीचं पाणी अंगणात तापतं, तेही घरात नाही. आणि धूर किती असं विचारलं तर "थोडासा" म्हणतील, कारण रोजचा धूर कोणी मोजत नाही. म्हणून असं विचार: "आज सकाळी आगीजवळ बसला होता का? तिथून उठून किती वेळ झाला?" आणि हा प्रश्न घरून भरून आणायला देऊ नकोस. शेकाच्या आधी, मशीनजवळच्या माणसानं रोज तोंडी विचारायचा.

लिहून झाल्यावर वाटलं, हा प्रश्न तिथे चालतो का ते पाहिल्याशिवाय पाठवू नये. म्हणून काल अकोल्याला गेलो. पावणेआठच्याच गाडीनं गेलो. प्रसेनजितनं लांबूनच हात केला, "काय बे भुता, काकू कशी हाय?" मी सांगितलं. तो खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "त्या आल्या की धुराचा अन् खव्याचा वास यायचा. मले लई बरं वाटे." मी त्याच्या हातात कागद दिला आणि बदललेल्या आठव्या प्रश्नावर बोट ठेवलं. खाली तू दिलेलं कारण त्यानं सगळं वाचलं. वाचून झाल्यावरही तो कागदाकडेच पाहत होता.

साडेनऊ वाजले होते. त्यानं पुढचं नाव पुकारलं. हिरव्या लुगड्यातली एक बाई उठली, मायच्याच वयाची, बरोबर सून होती. ती जवळून गेली तेव्हा धुराचा वास मलाही आला. मला वाटलं, तो रोजच्यासारखा काहीतरी चेष्टेचं बोलेल. तो खुर्चीवरून उठला आणि त्यानं विचारलं, "मावशी, आज सकाळी आगीजोळ बसल्या होत्या का?"

ती बाई थांबली. आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिला हसू आलं.

"कोन नाही बसत, भाऊ?" ती म्हणाली.

गोकुळ